दार लावून बसायचा सराव

१

आमच्या घराला आतून एकही दार नव्हतं. बाहेरचं होतं, ते नाइलाजाने. काराकोलच्या हिवाळ्यात त्याच्यावाचून माणूस सकाळी उठायचा नाही. आत मात्र सगळ्या चौकटी रिकाम्या, न्हाणीघरालासुद्धा नुसता पडदा. पाहुणे बिचारे आत गेले की मोठमोठ्याने गाणी म्हणायचे. माझा नवरा होता तोवर सगळ्यांना सांगायचा, "सोनुनला सासू चालली, नणंद चालली, पण दार चालत नाही." तो गेल्यावर हसणारंही कोणी उरलं नाही, दारं मात्र शेडमध्ये तशीच भिंतीला टेकून राहिली.

लोकांना वाटायचं, लहानपणी मला कोणी कोंडलं असेल. छे! कोणाची हिंमत होती? कोंडलं जायची मला भीतीच नाही. दार मिटलं की पलीकडे कोणीतरी उभं आहे असं वाटतं, एवढंच. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायचे, भर जानेवारीत वर्गाचं दार उघडं ठेवून. पोरं टोप्या घालून आम्ल आणि अल्कली शिकली.

गेल्या शरदात माझा जावई मेदेर आला आणि चहा घेता घेता एकेका रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. माझी मुलगी चोलपोन मॉस्कोत शिवणकामाच्या कारखान्यात, हा ट्रकवर, आणि त्यांची पाच वर्षांची सेझिम आज एका नातेवाइकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे. तिला माझ्याकडे ठेवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

"आपा, राग मानू नका," मेदेर म्हणाला. सासूला तो आपा, म्हणजे आई, म्हणतो. "पण तुमच्या घरात भट्टी पेटवली की ऊब सगळ्या खोल्यांभर फिरते आणि कुठेच थांबत नाही. पोरीची छाती नाजूक. डॉक्टर म्हणतात, तिला बंद, उबदार खोली हवी."

"पांघरुणं आहेत की घरात!"

"पांघरुणाने न्यूमोनिया थांबत नाही, आपा. पहिल्या बर्फापर्यंत दारं लावा. नाही जमलं तर मी तिला अत-बाशीला आईकडे ठेवतो."

अत-बाशी म्हणजे डोंगरांपलीकडे. तिथे गेलेली नात मला वर्षातून एकदा, तीही ईदला, दिसली असती. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले.

२

दवाखान्यात बेर्मेत नावाची मुलगी मनाच्या आजारांवर उपचार करते. माझ्याच वर्गात होती, टोपी घालून शिकलेल्यांपैकी. मला पाहून आधी उभी राहिली, मग आपण डॉक्टर आहोत हे आठवून बसली. शाळेतल्यासारखी ती मला अजून एजे, म्हणजे ताई, म्हणते.

"एजे, भीती मोडायची नसते, सवयीची करायची असते," ती म्हणाली. "आधी दार नुसतं खोलीत आडवं ठेवायचं. मग चौकटीत बसवायचं, पण उघडं. मग अर्धं लोटायचं. मग मिटायचं, क्षणभर. मग जरा जास्त. प्रत्येक वेळी भीती वर चढेल. तेव्हा पळायचं नाही. बसून राहायचं. ती आपोआप उतरते."

"आणि नाही उतरली तर?"

"उतरतेच. शरीराला फार वेळ घाबरता येतच नाही. आणि मोठ्याने बोलत राहा. स्वतःलाच सांगा, जसं वर्गात आम्हाला सांगायचात."

दार बसवायला शेजारचा उसेन आला. त्याचा गॅरेजचा धंदा, पण सुतारकीही येते. धाकट्या खोलीला बिजागऱ्या ठोकताना त्याची जीभ काही थांबत नव्हती. "एजे, आता लग्न करताय की काय? दार लागतंय म्हणजे काहीतरी शिजतंय!" मी त्याच्या पाठीत लाटणं घालायचं नाटक केलं. खरं तर मला तेव्हा काहीतरी हातात धरायलाच हवं होतं.

आडवं दार, उभं दार, अर्धं दार हे सगळं पार पडलं. मग एका दुपारी मी खोलीत खुर्ची घेतली, दार ओढून मिटलं आणि समोर बसले. घाम फुटला, कानांत ढोल वाजायला लागले. मी मोठ्याने म्हणायला लागले, "बस. पळू नकोस. चढू दे. आता उतरेल." आणि काय सांगू, उतरली! छातीवरचा दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. मी एकटीच हसले. हसता हसता खोकला आला.

त्याच क्षणी दाराच्या पलीकडून कोणीतरी पळालं.

मऊ तळव्यांचा आवाज होता, लोकरीच्या नमद्याच्या सपाता घातल्यासारखा. धडपडत, लाकडी फरशीवरून, स्वयंपाकघराच्या दिशेने. मी दार उघडलं. स्वयंपाकघरात चहाची किटली होती, मांजरसुद्धा नव्हतं. आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं.

३

मी विज्ञान शिकवलेली बाई आहे. भट्टी तापली की फळ्या फुगतात, निवल्या की आक्रसतात, आणि ओळीने आक्रसल्या तर पावलांसारख्या वाजतात. शिवाय दार मिटल्यावर हवेचा दाब बदलतो. हे सगळं मी स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार मिटून बसले.

आवाज आला, पण जाण्याचा नाही, येण्याचा. फार सावकाश. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग अर्धं पाऊल. मी खुर्ची सरकवली तर पुन्हा धूम पळालं.

बेर्मेतला सांगितलं. ती समजुतीने हसली. "एजे, हीच तर तुमची भीती. पलीकडे कोणीतरी आहे, हेच म्हणायचात ना? आता ती जाताना हातपाय झाडतेय. सराव सोडू नका."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. सेझिमसाठी मी तेव्हा काहीही पटवून घेतलं असतं.

मग ते दाराशी येऊन थांबायला लागलं. पळणं कमी झालं. मी खोकले तर दोनच पावलं मागे जायचं आणि परत यायचं. श्वास ऐकू यायचा, भरभर, वरच्यावर, घशात अडकलेला. तो श्वास मला कुठेतरी ओळखीचा वाटत होता आणि कुठे ते आठवत नव्हतं. एका सकाळी भांडी घासताना आठवलं आणि हातातला पेला तसाच राहिला. पहिल्या दिवशी, आडव्या दाराशेजारी बसले होते तेव्हा, मी स्वतः असा श्वास घेत होते.

म्हणजे पलीकडे जे होतं ते घाबरलेलं होतं. आणि मी रोज मोठ्याने, शिक्षकी आवाजात, सगळं समजावून सांगत होते. पळू नकोस. बसून राहा. चढू दे, आता उतरेल. भिंतीला ऐकवत होते असं मला वाटत होतं.

त्या दिवशी दार मिटलं आणि एक अक्षर बोलले नाही. तोंड दाबून बसले. पलीकडचा श्वास आला, थांबला, वाट पाहत राहिला. मग फळीला अगदी हलकेच काहीतरी टेकलं. माझ्या डोक्याच्या उंचीवर.

बहुधा कपाळ असावं.

४

सराव सोडायला हवा होता. पण डोंगरांवर बर्फ दिसायला लागलं होतं, आणि मेदेरचा फोन आला होता, "आपा, कसं चाललंय?" मी म्हटलं, "झकास." सेझिम मागून ओरडली, "ताएने, माझी खोली कोणत्या रंगाची?" ताएने म्हणजे आईची आई. हा शब्द ती इतका लांबवते की त्यात माझी सगळी हाडं वितळतात. मी म्हटलं, "तू सांगशील त्या रंगाची, राणी."

बेर्मेत म्हणाली होती, खोलीत आवडीचं काहीतरी घेऊन बसा, म्हणजे मन रमतं. म्हणून त्या दुपारी मी चहा, जर्दाळूचा मुरांबा आणि सकाळचा ताजा नान घेऊन बसले. रंगवायच्या भिंतीकडे पाहत होते. निळा की पिवळा, एवढाच विचार. भीती अशी नव्हतीच.

खोलीच्या दारावर टकटक झाली. साधी, शेजाऱ्याची असते तशी. उसेन या दाराची कडी आणून लावणार होता, त्यामुळे तोच आला असं मी धरून चालले.

आता आमच्याकडे कसं आहे, दारात आलेला माणूस नान न चाखता परत जात नाही. पोस्टमन असो, वीजबिलवाला असो, घाईत असला तर आपण नान हातात घेऊन दाराशी जातो, तो एक तुकडा मोडून तोंडात टाकतो आणि जातो. हे सांगावं लागत नाही. झोपेतसुद्धा आमच्या बायका 'नान चाखा' म्हणतील.

"या या, असेच जाऊ नका, नान चाखा!" मी म्हटलं, उठले, दार फटीपुरतं उघडलं आणि नान धरलेला हात बाहेर केला. नजर अजून भिंतीवरच होती.

नानला ओढ लागली. एक छोटासा तुकडा मोडला गेला, फार सांभाळून, माझ्या बोटांना धक्का लागू नये म्हणून. मग चघळल्याचा आवाज.

"कडी आणलीस का?" मी विचारलं.

मी दार सताड उघडलं. मधली खोली रिकामी होती, बाहेरच्या दाराला आतून कडी होती. ती मीच लावली होती. नानचा लचका मात्र गेला होता आणि मोडलेली कड ओली होती.

मी तो नान फेकला नाही. नान फेकत नाहीत. कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि अंगणात जाऊन थंडीत उभी राहिले. उसेन कुंपणावरून म्हणाला, "एजे, कडी उद्या आणतो हं, आज वेळच नाही झाला."

५

त्यानंतर सगळं शांत झालं. दार मिटलं तरी पावलं नाहीत, श्वास नाही. मी पुस्तक वाचत बसायचे, एकदा तर डुलकी लागली. बेर्मेतने टाळ्या वाजवल्या. "एजे, तुम्ही माझ्या सगळ्यात चांगल्या पेशंट!" मी म्हटलं, "आणि तू वर्गात सगळ्यात ढ होतीस, तरी बघ." दोघी हसलो. मला खरंच वाटलं, ते गेलं. नान खाऊन, पाहुण्यासारखं, निघून गेलं.

मेदेर आला, त्याने प्रत्येक खोलीत जाऊन दार लावून पाहिलं. सगळ्या खोल्यांना आता दारं होती. भट्टीची ऊब जागच्या जागी होती. तो गंभीर माणूस, पण त्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी माझे हात धरले. "आपा, तुम्ही हे केलंत," तो म्हणाला. "चोलपोनला सांगितलं तर रडायला लागली." दुसऱ्या दिवशी तो सेझिमला ठेवून गेला.

त्या दिवसांचं काय सांगू! घरात पोर असलं की घर उठून उभं राहतं. ती माझ्या मागे मागे फिरायची, पिठाचे उंट करायची, मला दटावायची, "ताएने, घोरू नकोस, माझे उंट पळतात." खोली पिवळी केली होती. दुपारी जेवण झालं की मी तिला तिथे निजवायचे, दार ओढायचे आणि मधल्या खोलीत विणत बसायचे. तिची छाती वाजायची बंद झाली.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. दार मी लावायचे आणि मी बाहेर असायचे. म्हणजे आता पलीकडे मी होते.

६

त्या दुपारी बाहेर बर्फ पडत होतं आणि घरात दिवा लावावा इतकं अंधारून आलं होतं. सेझिम झोपली असेल असं मला वाटत होतं. मग तिचा आवाज आला, हळू, लाडीगोडीचा. बाहुल्यांशी बोलते तसा.

"ये ना. घाबरतेस काय एवढी?"

मी सुया खाली ठेवल्या.

"माझी ताएने काही करत नाही. ओरडते, पण मारत नाही. खरंच."

थोडा वेळ काही नाही. जणू पलीकडचं कोणी उत्तर देत होतं आणि ते मला ऐकू येत नव्हतं.

"आधी तिचा आवाज ऐक," सेझिम म्हणाली. "मग दाराच्या फटीतून बघ. मग एकदम नाही, थोडं थोडं. ताएनेला हाक मारू का मी?"

शरीराला फार वेळ घाबरता येत नाही असं बेर्मेत म्हणाली होती. येतं. मला तेव्हा कळलं, चांगलं येतं.

"ताएने!" सेझिमने हाक मारली. "आत ये. सावकाश ये हं!"

मी दार उघडलं.

सेझिम पलंगावर बसली होती, केस विस्कटलेले, अगदी खुशीत. समोरच्या भिंतीला, खिडकी आणि कपाट यांच्या मधल्या अंधारात, कोणीतरी पाठ चिकटवून उभं होतं. माझ्याएवढंच उंच. ते इतकं थरथरत होतं की कपाटाची काच वाजत होती. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं होतं. हात लांब होते, आणि बोटंही.

मी वाट पाहत होते की ते पळेल. आजवर दार उघडलं की पळायचं.

ते पळालं नाही. श्वास चढला, चढत गेला, घशात अडकला, आणि मग हळूहळू उतरायला लागला. कपाटाची काच वाजायची थांबली. मग तोंडावरचं एक बोट उचललं गेलं. जरा थांबून दुसरं.

"शाब्बास!" सेझिम म्हणाली.

तिसरं बोट हललं तेव्हा मी पोरीला पांघरुणासकट उचललं आणि बाहेर पळाले. बोटांमागे काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर मला ते आठवायचं नाही.

७

उसेनच्या घरून मी मेदेरला फोन केला. तो नेमका त्या दिवशी गावात होता, तासाभरात आला. बर्फाने माखलेला, धावत.

"आपा, काय झालं?"

काय सांगणार होते? खरं सांगितलं असतं तर त्याने मला वेडी म्हटलं असतं. नाहीतर आत जाऊन बघितलं असतं. ते मला मुळीच नको होतं.

"नाही जमलं," मी म्हटलं. "दारांची भीती गेलीच नाही. मी खोटं बोलले. पोरीला घेऊन जा."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "आपण दारं काढू," तो म्हणाला. "जाड पडदे लावू. काहीतरी करू, आपा."

"काही करायचं नाही. ने तिला."

सेझिमने आकांत मांडला. मला मुठींनी मारलं. "तू भित्री आहेस! ती सुद्धा भीत नाही आता, तू भितेस!" मेदेरने तिला गाडीत बसवलं. तो विचारत होता, "ती कोण गं?" आणि पोर हुंदक्यांत काहीच सांगू शकत नव्हती.

मी तिची टोपी आणायला घरात गेले होते. बाहेर आले, ओसरीच्या पायऱ्या उतरले, अंगणातून गाडीकडे निघाले, आणि मागे ओसरीच्या फळीवर मऊ पाऊल पडलं. मी थांबले. तेही थांबलं. मी एक पाऊल गाडीच्या दिशेने टाकलं. बर्फात, माझ्या मागे, एक पाऊल वाजलं, अगदी सावकाश, पण वाजलं.

गाडीची काच खाली होती. सेझिमचं लालबुंद नाक मला दिसत होतं. रागावली होती तरी तिने हात बाहेर काढला होता, पापा घ्यायला मी येणार म्हणून.

मी टोपी कुंपणावर ठेवली आणि मागे वळले. नजर जमिनीवर ठेवली. सावकाश, थोडं थोडं, ते बुजू नये अशा बेताने, घरात परत गेले. माझ्यासोबत ती पावलं परत आली. मागे पोर किंचाळत होती, "ताएने! पापा नाही घेतलास! ताएने!" मग गाडी सुरू झाली. रस्त्याच्या वळणावर तिचा आवाज तुटेपर्यंत मी उंबऱ्यापाशी भिंतीला हात लावून उभी होते.

उसेनला सांगून सगळी दारं पुन्हा काढून टाकली. तो या वेळी काही विनोद करायला गेला नाही. त्याची बायको म्हणाली, "एजे, आमच्याकडे येऊन राहा थोडे दिवस." मी नाही म्हटलं. त्यांच्या घरात तीन लेकरं आहेत.

आता घरात कुठेच पलीकडे असं काही नाही. सगळं अलीकडेच आहे. मी भट्टीजवळ विणत बसते, पाठ खोलीकडे करून. मागे श्वास चालू असतो. आता तो भरभर नसतो, शांत असतो, मला आवडू लागेल इतका शांत, आणि रोज थोडा जवळ.

काल संध्याकाळी चोलपोनचा फोन आला. "आई, मेदेरने सांगितलं सगळं," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, कारखान्यातून नुकतीच आलेली. "तू प्रयत्न केलास ना, पुष्कळ झालं. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटत गं."

"सेझिम अत-बाशीला रमत नाही. सारखी तुझं नाव काढते. बर्फ वितळलं की जा ना तिला भेटायला. चार दिवस राहून ये. सासूबाई स्वतः म्हणाल्यात, खोली तयार ठेवते. जाशील ना?"

माझ्या मानेवर कोणाच्या तरी उबदार श्वासाची झुळूक आली. मी वळले नाही.

"जाईन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. तिला सांग, ताएने येतेय." मी निघाले असते तर ती पावलंही निघाली असती. फोन ठेवल्यावर मी एक एक टाका नीट मोजत तिच्यासाठी विणत असलेला हातमोजा उसवायला घेतला.